लोकमान्यांचे पथ्य

लोकमान्य टिळक म्हटले की केसरी, गणेशोत्सव आणि गीतारहस्य आठवते. त्यांना मधुमेह होता, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात ते गेले तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. मधुमेहावर त्या काळी नेमके औषध नव्हते. पथ्य हाच इलाज. टिळकांनी सातूच्या पिठावर भर देऊन तो निग्रहाने पाळला. त्याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहिले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या, तेव्हाही ते कैदेतच होते. जून १९१४ मध्ये सुटका झाली आणि ते पुन्हा कामाला लागले. १९१६ च्या राजद्रोह प्रकरणात बॅरिस्टर जिनांनी त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी हिंदू-मुस्लिम ऐक्याचा लखनौ करार झाला.

पण पथ्यालाही मर्यादा असते. साखर फक्त ताटातून येत नाही. उपाशीपोटी यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि नवीही तयार करते. रोजेदाराला दिवसभर हाच आधार असतो. या कामावर इन्सुलिनचा लगाम असतो. तो सैल पडला की न खाताही साखर चढते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की यकृतात चरबी साचते, पेशींना इजा होते आणि रक्ततपासणीत एसजीपीटी, एसजीओटी वाढलेले दिसतात. गोड-तळलेले कमी केले, वजन उतरले, साखर आटोक्यात आली, की हे आकडे बहुधा खाली येतात.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. अंत्ययात्रेत गांधीजींसोबत मौलाना शौकत अलीही होते. पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले.

टिळकांकडे केवळ पथ्य होते. आज पालघरच्या मोहल्ल्यात किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून पाळी संपवून इफ्तारला बसणाऱ्या मधुमेहींकडे पथ्य आणि औषध दोन्ही आहेत. रमजानमध्ये गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नये. वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहेच.