शाई नाही, सुटे कागद नाहीत: टिळकांच्या मंडालेच्या वह्या आणि आपलं नोट्स ॲप

आजवर फोनमध्ये नोट्स घ्यायची किती ॲप्स टाकून झाली? गुगल कीप, नोशन, ऑब्सिडियन, आणि शेवटी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज. नवीन ॲप टाकलं की आठवडाभर सगळं एकदम टापटीप असतं. मग एक चांगली कल्पना सुचते, ती कुठेतरी टाइप होते आणि पुन्हा कधीच सापडत नाही.

आज ॲपचा रिव्ह्यू नाही. एका पुणेकराच्या वह्यांबद्दल लिहितोय, कारण वही कशी वापरावी याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. हा पुणेकर म्हणजे बाळ गंगाधर टिळक. शाळेच्या पुस्तकातले टिळक बाजूला ठेवा थोडा वेळ. शेंगा आणि टरफलं पण.

जन्म 1856 चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक. त्यांची बदली झाली आणि कुटुंब पुण्यात आलं. मुलगा गणितात पक्का, आणि गंमत म्हणजे वहीचा कंटाळा. गणितं डोक्यातच सोडवायची सवय होती, ही आठवण बहुतेक चरित्रांत सापडते. कॉलेज डेक्कन. तिथलं पहिलं वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामात गेलं. पुढे बी.ए. आणि वकिली. 1880 च्या जानेवारीत चिपळूणकर, आगरकर वगैरे मंडळींबरोबर न्यू इंग्लिश स्कूल, आणि पुढच्याच जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा'. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुढे जातो.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष 1872. वडील शेवटच्या आजारात होते आणि सोळा वर्षांचे टिळक त्यांना गीतेवरची एक प्राकृत टीका वाचून दाखवत. तेव्हा एक शंका आली. अर्जुनाला लढायला उभं करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात संन्यास आणि भक्तीवरच सगळा भर का? टीकाकार सांगतात तोच अर्थ खरा, की मूळ अर्थ वेगळा? वडील त्याच वर्षी गेले. शंका राहिली. 1902 मध्ये नागपूरला टिळक या विषयावर बोलले, 1904 मध्ये संकेश्वर मठाच्या शंकराचार्यांसमोरही बोलले. पुस्तक मात्र लिहून झालं नव्हतं. शाळा, वर्तमानपत्र, काँग्रेस, खटले. वेळ कुठून आणणार?

वेळ तुरुंगात मिळाला, आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली तेव्हा मॅक्समुल्लरनी ऋग्वेदाची आपली आवृत्ती पाठवली होती. रात्री थोडा वेळ वाचायची परवानगी होती. आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असावं, ही कल्पना तिथे पक्की झाली आणि 1903 मध्ये तिचं इंग्रजी पुस्तक आलं. (आजचे अभ्यासक तो सिद्धांत मानत नाहीत, हेही सांगून ठेवतो.)

मग 1908. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून दुसरा राजद्रोहाचा खटला. न्यायमूर्ती होते दावर. 1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी कोर्टात उभे राहिलेले वकील तेच. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. वय 52, त्यात मधुमेह. सरकारने काळ्या पाण्याऐवजी साधी कैद केली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात नेलं. लाकडी इमारत, वरच्या मजल्यावर खोली, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत गारठा.

आता वह्या. लिहायला शाई मिळायची नाही, फक्त शिसपेन्सिल, तीही टोक काढून दिलेली. सुटे कागद बंद. मिळायची ती बांधलेली वही, पानं मोजून आकडे घातलेली. उद्देश उघडच आहे. पान फाडून चिठ्ठी बाहेर जाऊ नये. पुस्तकांचंही तसंच. आधी सगळी जवळ ठेवू दिली, मग हुकूम आला की एका वेळी चारच. टिळकांनी वर तक्रार केली आणि ग्रंथ लिहायचा म्हणून पुन्हा सगळी मिळाली. सुटेपर्यंत साडेतीनशे-चारशे पुस्तकं जमली होती. याच काळात जर्मन, फ्रेंच आणि पालीही पुस्तकांवरून शिकून घेतली.

त्या वहीकडे इंजिनिअरच्या नजरेने बघा. आमच्याकडे डेटा ठेवायची एक पद्धत असते, तिच्यात नोंद फक्त शेवटी जोडता येते. मधलं काही काढता येत नाही, क्रम बदलता येत नाही. बँकेचं पासबुक तसंच असतं. आकडे घातलेली बांधीव वही म्हणजे हेच. पेन्सिलीचं एखादं वाक्य खोडता येईल, पण पान नाहीसं करता येत नाही. म्हणजे प्रकरणांचा क्रम आधी डोक्यात पक्का हवा, कारण पानं उचलून इकडची तिकडे करायची सोय नाही. आणि तो पक्का होता, कारण शंकेला तोवर अडतीस वर्षं झाली होती. 1910-11 च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन, एवढ्या काळात 'गीतारहस्या'चा पहिला खर्डा लिहून झाला. पंधरा प्रकरणं आणि गीतेच्या श्लोकांचा अर्थ टिपांसह.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त आवडते. काही संदर्भग्रंथ मंडालेत नव्हते. तेवढ्यासाठी टिळक अडून बसले नाहीत. ते भाग अपुरे ठेवले, पुढे गेले आणि सुटल्यावर भरले. प्रोग्रामर कोडमध्ये 'हे नंतर बघू' अशी खूण ठेवून पुढे जातो, तसंच. आपण एका वाक्यासाठी गुगल करायला जातो आणि अर्ध्या तासाने रील्स बघत असतो.

बुलेट जर्नल नावाची पद्धत तुम्ही इन्स्टावर पाहिली असेल, रंगीत पेनं आणि वॉशी टेप. रंग सोडले तर तिचा गाभा साधा आहे. पानांना आकडे, सुरुवातीला अनुक्रमणिका, कामांपुढे खुणा. फोनवर हे करून बघायचं तर महिन्याला एकच लांबलचक नोट ठेवा. वर चार ओळींची अनुक्रमणिका, प्रत्येक नोंदीला तारीख आणि क्रमांक, नवीन नोंद कायम खाली. पटलं नाही तरी डिलीट करू नका, खाली नवीन नोंदीत जुन्या नोंदीचा क्रमांक देऊन दुरुस्ती लिहा. माहिती कमी असेल तिथे 'तपासायचं' असा एकच ठरलेला शब्द टाका. महिन्याच्या शेवटी तो शब्द सर्च केला की अपुरी कामं समोर येतात. कल्पना, किराणा, अभ्यास सगळं एकाच नोटमध्ये. वेगळे फोल्डर करायचा मोह होईल, टाळा.

बंधनांमुळे प्रतिभा फुलते वगैरे वाक्यं अशा वेळी फार ऐकू येतात. मला ती पटत नाहीत. जून 1912 मध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. टिळकांना ते मंडालेत तारेने कळलं. लग्नाला चाळीसएक वर्षं झालेली, आणि शेवटची भेटसुद्धा नाही. तुरुंगाला प्रॉडक्टिव्हिटीची युक्ती म्हणणं मला जमणार नाही. वही चांगली होती, तुरुंग नव्हता.

16 जून 1914 च्या मध्यरात्री त्यांना गुपचूप पुण्यात आणून गायकवाड वाड्याच्या, म्हणजे आजच्या नारायण पेठेतल्या केसरीवाड्याच्या दाराशी सोडलं. माणूस घरी आला, पण वह्या सरकारकडे. तपासायच्या होत्या म्हणे. दिवस जायला लागले तशी शंका यायला लागली की सरकार त्या परत देणारच नाही. दुसरी प्रत कुठेच नव्हती. असं सांगतात की टिळक निर्धास्त होते. वह्या सरकारकडे असल्या तरी डोकं माझ्याकडे आहे, सिंहगडावर दोन-एक महिने बसून पुन्हा लिहून काढीन, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेत गणितं तोंडी सोडवणारा मुलगाच तो.

आपलं डोकं तेवढं नाही. माझं तरी नाही. आपल्या नोट्स कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि अकाउंट लॉक झालं की आपणही दाराशी उभे. कीपमध्ये उडवलेली नोट कचऱ्यात फक्त सात दिवस राहते. म्हणून एक काम आजच करा. गुगल टेकआऊटमध्ये जा, फक्त कीप निवडा आणि फाइल उतरवून घ्या. ती एचटीएमएलमध्ये येते, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. नोशनमध्ये एक्सपोर्टची सोय आहे. ऑब्सिडियनमध्ये तर नोट्स तुमच्याच फोनवर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात, फक्त त्यांची दुसरी प्रत तुम्हालाच ठेवावी लागते. दर तीन महिन्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ.

टिळकांच्या वह्या काही आठवड्यांनी परत मिळाल्या. सहकाऱ्यांनी मुद्रणप्रत तयार केली, अपुरे भाग भरले गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि कागदाची टंचाई आली. तेव्हा पदमजींच्या गिरणीने देशी कागद पुरवला. जून 1915 मध्ये पुस्तक आलं आणि पहिली आवृत्ती हातोहात संपली.

मंडालेच्या टिपणांत पुढे लिहायच्या पुस्तकांची एक यादीही होती. शिवाजी महाराजांचं चरित्र, हिंदू धर्माचा इतिहास, आणि चक्क कलनशास्त्रावरचं एक पुस्तक. 'गीतारहस्य' सोडलं तर त्यातलं जवळजवळ काहीच झालं नाही. होमरूल, दौरे, विलायतेतला खटला यांत सहा वर्षं गेली आणि 1 ऑगस्ट 1920 ला मुंबईत सरदारगृहात टिळक वारले. गणिताच्या त्या विद्यार्थ्याने कलनशास्त्र मराठी मुलांना कसं समजावलं असतं, हे मला खरंच वाचायचं होतं.