राज्याच्या दारावर धर्माची चौकी

बाजारांत हुंडी सकारणारा सावकार काढणाराची पत पाहतो. त्याचें गंध उभें कीं आडवें, याची चौकशी करीत नाहीं. तशी चौकशी करीत बसणाराची पेढी फार दिवस चालावयाची नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. परंतु जी गोष्ट पेढीवरील गुमास्त्यास सहज समजते, ती मोठमोठ्या राज्यांच्या कारभाऱ्यांस समजण्यास शतकेंच्या शतकें लागलीं. राज्याचा संबंध मनुष्याच्या वर्तनाशीं आहे, धर्माचा त्याच्या अंतःकरणाशीं आहे. एकाचें साधन दंड, दुसऱ्याचें उपदेश. हीं दोन्ही कामें एकाच हातीं दिलीं म्हणजे राज्य जुलमी होतें व धर्म ढोंगी होतो. या सिद्धांतासाठीं ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें खर्ची घातलीं, त्या चार्ल्स ब्रॅडलॉ यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजीं लंडनच्या हॉक्स्टन भागांत झाला. वडील वकिलाच्या कचेरींत कारकून. घरची स्थिति बेताची. अकराव्या वर्षीं शाळा सुटली व चिरंजीव त्याच कचेरींत निरोपे पोंचविण्याच्या कामास लागले. चर्चच्या रविवारच्या शाळेंत ते लहान मुलांस शिकवीत. शिकवितां शिकवितां त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं, इंग्लंडच्या चर्चचीं एकोणचाळीस कलमें व चार शुभवर्तमानें यांचा मेळ बसत नाहीं. ही शंका त्यांनीं आपल्या पाद्र्यास पत्रानें कळविली. शंकेचें समाधान झालें नाहीं. नास्तिकपणाचा ठपका मात्र बसला, रविवारची शाळा बंद झाली, आणि पुढें अल्प वयांतच घरही सोडावें लागलें. शंका विचारणाऱ्या पोरास पाखंडी ठरवून खराखुरा पाखंडी बनविण्याचें हें कसब केवळ इंग्लंडच्याच पाद्र्यांस साधलेलें आहे, असें नव्हे!

पोटासाठीं १८५० सालीं ते पलटणींत शिरले. तीन वर्षें आयर्लंडांत काढून ते परतले व एका वकिलाकडे कारकून झाले. कायद्याची पदवी नाहीं, सनद नाहीं. पण पुढील आयुष्यांत आपले खटले त्यांनीं स्वतःच अशा हुशारीनें चालविले कीं, नामांकित बॅरिस्टरांनींही त्यांची धास्ती घ्यावी. १८६० सालीं नॅशनल रिफॉर्मर हें पत्र निघालें, १८६६ सालीं नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन झाली, आणि गांवोगांव व्याख्यानें देणारा हा धिप्पाड पुरुष सनातनी मंडळींच्या डोळ्यांत सलूं लागला.

राज्यकारभारांत धर्माची लुडबुड झाल्यास व्यवहाराचें काय होतें, याचा दाखला त्यांस स्वतःच्या पैशांत मिळाला. एका हुंडीच्या दाव्यांत ते वादी होते. परंतु ईश्वर न मानणाऱ्यास शपथ लागू पडत नाहीं, आणि शपथेवांचून साक्ष नाहीं, म्हणून त्यांची साक्षच नाकारण्यांत आली. म्हणजे नास्तिकाचें देणें बुडविण्यास ऋणकोनें त्याच्या श्रद्धेविषयीं एक प्रश्न विचारणें पुरे! ब्रॅडलॉ यांनीं या अन्यायाविरुद्ध खटपट केली, आणि १८६९ सालीं पुराव्याचा कायदा सुधारून अशा लोकांस साध्या प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मोकळीक मिळाली. कोर्टाचें दार उघडलें. पार्लमेंटचें उघडणें राहिलें होतें.

हें दार इंग्लंडनें पूर्वींही एकेका पंथासाठीं किलकिलें केलेलें होतें. रोमन कॅथलिकांस १८२९ सालीं, क्वेकरांस १८३३ सालीं व यहुद्यांस १८५८ सालीं आंत प्रवेश मिळाला. दर वेळीं चौकी थोडी मागें सरे, पण चौकी उठत नसे. अशा स्थितींत १८८० च्या एप्रिलांत नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनीं ब्रॅडलॉ यांस निवडून दिलें. हें शहर चांभारकामाच्या कारखान्यांचें. तेथील कामकऱ्यांस आपला प्रतिनिधि कोणत्या देवास भजतो यापेक्षां तो आपलें गाऱ्हाणें कसें मांडतो, याचें अगत्य अधिक होतें. ३ मे रोजीं ब्रॅडलॉ यांनीं शपथेऐवजीं प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. कमिटी बसली व अध्यक्षांच्या एका जादा मतानें नकार मिळाला. तेव्हां ते शपथ घेण्यास तयार झाले. तर ती घेण्यासही त्यांस मनाई करण्यांत आली.

या ठिकाणीं निःपक्षपातानें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शपथेंतील ईश्वराचे शब्द आपणांस अर्थशून्य वाटतात, तथापि तिचें बंधन आपण प्रामाणिकपणें पाळूं, असें त्यांनीं छापून प्रसिद्ध केलें होतें. जी शपथ अर्थशून्य ती घ्यावयास निघणें हें तत्त्वास धरून नव्हतें, असा आक्षेप त्यांच्या मित्रांनींही घेतला, आणि तो अगदींच गैरवाजवी नव्हता. परंतु त्यावरून निघणारें अनुमान मात्र विरोधकांस अनुकूल नाहीं. ब्रॅडलॉ यांनीं मौन धरलें असतें तर त्यांस कोणीं विचारलें नसतें. त्यांचा अपराध नास्तिकपणाचा नव्हता, तो बोलून दाखविण्याचा होता. म्हणजे ही चौकी अश्रद्धेस अडवीत नसून सत्यवादित्वास अडवीत होती!

पुढील सहा वर्षांची हकीकत एखाद्या नाटकासारखी आहे. २३ जून १८८० रोजीं सभागृह सोडण्याचें नाकारल्याबद्दल त्यांस पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यांत कैदेंत ठेवलें व दुसऱ्या दिवशीं सोडलें. जुलईंत स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. तोंच क्लार्क नांवाच्या गृहस्थानें दर बेकायदेशीर मताबद्दल ५०० पौंड दंडाचा दावा लावला. दाव्याचा खर्च सोसण्याची हमी न्यूडिगेट नांवाच्या सभासदानें पडद्याआडून दिली होती! त्या दाव्यांतील निकालानें १८८१ सालीं जागा गेली. नॉर्थॅम्प्टननें तीच व्यक्ति पुन्हां पाठविली. ३ ऑगस्ट १८८१ रोजीं आंत जाऊं पाहतांच पोलिसांनीं त्यांस ओढीत अंगणांत आणलें. अंगावरचे कपडे फाटले. १८८२ सालीं त्यांनीं खिशांतून बायबल काढून स्वतःच शपथ घेतली. सभेनें त्यांस काढून टाकलें, मतदारांनीं पुन्हां निवडलें. १८८४ सालीं हाच प्रकार पुन्हां घडला. दरम्यान १८८३ सालीं लॉर्डांच्या न्यायसभेनें असा दंड मागण्याचा हक्क फक्त सरकारचा, असें ठरवून क्लार्कचा दावा उडविला. आणि दुसऱ्याच्या दाव्यास चिथावणीचा पैसा पुरविल्याबद्दल न्यूडिगेटसाहेबांवरच भरपाईची पाळी आली.

या झगड्यांत ग्लॅडस्टन यांचें वर्तन विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्यांच्याएवढा धर्मनिष्ठ मुत्सद्दी इंग्लंडांत विरळा. तरीही १८८३ सालीं प्रतिज्ञेची मोकळीक देणाऱ्या बिलाचें त्यांनीं मनोभावें समर्थन केलें, तें ईश्वरावरील निष्ठा शपथेच्या पहाऱ्यावर अवलंबून नाहीं, या विश्वासानेंच. बिल २९२ विरुद्ध २८९, म्हणजे अवघ्या ३ मतांनीं पडलें. अखेर १८८५ च्या निवडणुकीनंतर, १३ जानेवारी १८८६ रोजीं, नवे अध्यक्ष पील यांनीं कोणाचाही आक्षेप ऐकून घेण्याचें नाकारलें व ब्रॅडलॉ शपथ घेऊन आपल्या जागीं बसले. १८८८ सालीं त्यांच्याच खटपटीनें शपथांचा कायदा मंजूर होऊन प्रतिज्ञेचा हक्क सर्वांस मिळाला. आकाश कोसळलें नाहीं. चर्चें ओस पडलीं नाहींत.

मौज ही कीं, हिंदुस्थानांत १८७३ च्या कायद्यानें हिंदु व मुसलमान साक्षीदारांस, तसेंच ज्यांस शपथेची हरकत असेल त्यांस, प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची सोय याच इंग्रज सरकारनें केलेली होती. जें येथील कोर्टांत निर्धोक वाटलें, तें आपल्या दिवाणखान्यांत त्यांस सहा वर्षें असह्य झालें! ब्रॅडलॉ मात्र हा भेद मानणारे नव्हते. हिंदुस्थानचीं गाऱ्हाणीं ते पार्लमेंटांत मांडीत; १८८९ च्या डिसेंबरांत, आजारांतून उठून, ते मुंबईच्या काँग्रेसला आले. अध्यक्ष वेडरबर्न होते, आणि प्रतिनिधींची संख्याही योगायोगानें १८८९ होती. मंडपांत हिंदु होते, मुसलमान होते, पारशी होते, ख्रिस्ती होते. पाहुण्याचा देव कोणता, हें विचारण्याची कोणास गरज भासली नाहीं. परत जाऊन त्यांनीं कायदेकौन्सिलांच्या सुधारणेचें बिल पार्लमेंटपुढें आणलें.

३० जानेवारी १८९१ रोजीं त्यांचा अंत झाला. तीनच दिवस आधीं त्यांस मज्जाव करणारा १८८० चा ठराव सभेनें आपल्या दप्तरांतून काढून टाकला होता. पण ब्रॅडलॉ अंथरुणावर निचेष्टित होते, त्यांस तें कळलें नाहीं. ब्रुकवुड येथील त्यांच्या अंत्यविधीस लंडनमधील हिंदी मंडळी हजर होती; तींत कायद्याचा अभ्यास करणारा मोहनदास गांधी नांवाचा एक ईश्वरभक्त तरुणही होता.

ब्रॅडलॉ यांच्या विजयाची मर्यादाही सांगितली पाहिजे. इंग्लंडचें चर्च आजही सरकारी चर्च आहे, व २६ बिशप लॉर्डांच्या सभेंत बसतात. त्यांनीं जिंकलें तें एकच दार. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचींत ईश्वरसाक्ष शपथ व प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय शेजारीं शेजारीं लिहिलेले आहेत. त्या दोन ओळींची किंमत काय, हें नॉर्थॅम्प्टनच्या चांभारांस विचारावें. मात्र कायद्यांत उठलेली चौकी मनांत बसूं शकते. उमेदवाराची लायकी पाहण्याऐवजीं त्याचा देव पाहून मत देणारा मतदार, आणि अर्जदाराचें काम पाहण्याऐवजीं त्याचा पंथ पाहणारा अंमलदार, हे दोघे तीच चौकी पुन्हां उभारतात. तिच्यापायीं खरें बोलणारा बाहेर राहतो आणि खोटें बोलणारा आंत जातो. यांत धर्माचा लाभ नाहीं आणि राज्याचाही नाहीं. देवळांत देवाची पूजा अवश्य व्हावी. राज्याच्या दाराशीं मात्र मनुष्याची सचोटी तेवढी तपासावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.