बेगम रोकेया : हसवता हसवता पडदा दूर करणारी लेखिका

मुलींच्या शाळेचा विषय निघाला की आपण सावित्रीबाईंची गोष्ट सांगतो. तिच्या जोडीला बंगालच्या बेगम रोकेयांचीही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

रोकेयांचा जन्म १८८० साली रंगपूरजवळच्या पायराबंद गावी झाला. घरात मुलींना बंगाली, इंग्रजी शिकायची मुभा नव्हती. रात्री सगळे झोपले की थोरला भाऊ मेणबत्तीच्या उजेडात त्यांना शिकवायचा. लग्नानंतर पतीनेही लिहायला प्रोत्साहन दिलं. १९०५ मध्ये त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा छापून आली. तिच्यात पुरुष पडद्याआड राहून घरकाम करतात आणि बायका विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतात!

१९०९ मध्ये पती वारले. तरी खचून न जाता १९११ साली त्यांनी कोलकात्यात अवघ्या ८ मुलींना घेऊन शाळा सुरू केली. मुलींना आणायला गाडी ठेवली, पण ती चारी बाजूंनी बंद. आत गुदमरून मुली बेशुद्ध पडायच्या. गाडी जरा मोकळी केली, तर बेपर्दा म्हणून तक्रारीची पत्रं आली. हा प्रसंग त्यांनी ‘अवरोधबासिनी’ या पुस्तकात लिहून ठेवलाय. त्यातले ४७ किस्से वाचताना हसू येतं आणि लगेच घशात अडकतं.

९ डिसेंबर १९३२ रोजी त्या गेल्या. त्यांची शाळा मात्र आजही सुरू आहे.

कथा सांगून झाली की वर्गात आणि घरी एवढंच विचारा : पुरुष घरात कोंडले तर आपल्याला हसू येतं, मग बाई कोंडली तेव्हा ते नेहमीचंच का वाटतं?