बालकवी ठोंबरे

श्रावणात नांदगाव खंडेश्वरची काळी शेते हिरवी झाली, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या मुखी ज्यांची कविता आपोआप येते, ते बालकवी वाचकांस परके नाहीत. परंतु पाठ्यपुस्तकांतून आपणांस भेटतात ते आनंदाचे बालकवी. त्याच हृदयात काळोखाचेही बिऱ्हाड होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते. बदल्यांमुळे शिक्षण धड एका गावी झाले नाही. मात्र नदी, रान व डोंगर हे गुरू त्यांस जागोजाग लाभले. १९०७ साली जळगावास पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. तेथे या सतरा वर्षांच्या मुलाने काव्य म्हणून दाखविताच सभा थक्क झाली आणि ‘बालकवी’ हे नाव त्यास मिळाले, ते कायमचेच.

याच सुमारास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे या मुलाकडे लक्ष गेले आणि त्यांनी त्यास अहमदनगरास आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्या दिवसांचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना हसू येते आणि डोळेही पाणावतात. ठोंबरे लहरी, हळवे, क्षणात खुलणारे व क्षणात रुसणारे. परंतु लक्ष्मीबाईंनी त्यांस पोटच्या मुलासारखे सांभाळिले. रुसलेल्या मुलासाठी घराचे दार उघडे ठेवणे किती कठीण असते, हे आमच्या वाचकांतील मातांस सांगावयास नको.

‘फुलराणी’ लिहिणाऱ्या याच लेखणीतून ‘पारवा’ आणि ‘खेड्यातील रात्र’ या कविता उतरल्या. तेथे पडक्या भिंती आहेत, ओसाडी आहे, जीव घाबरा करणारी शांतता आहे. आपल्या खिन्नतेचा उगम आपणांसच सापडत नाही, अशी कबुलीही त्यांनी एका कवितेत दिली आहे. आम्हांस ती फार मोलाची वाटते. खिन्न मनुष्यास लोक विचारतात की तुला कमी काय आहे? त्यास उत्तर देता येत नाही, म्हणून तो ढोंगी अथवा आळशी ठरतो.

अतिउल्हास व अतिविषाद यांचे आळीपाळीने येणारे झटके हा एक रोग आहे, असे वर्णन जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनी १८९९ साली केले होते. आज त्यास द्विध्रुवीय विकार म्हणतात. त्यावर लिथियम हे औषध गुणकारी असल्याचे ऑस्ट्रेलियातील डॉ. केड यांनी १९४९ साली दाखवून दिले. बालकवींस हाच विकार होता, असे आम्ही म्हणत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मनुष्याची नाडी कवितेवरून पाहणे बरे नव्हे. एवढे मात्र खरे की, ज्याचे मन असे हेलकावे खाई, त्यास त्या काळी घरच्या मायेवाचून दुसरा आधार क्वचितच मिळे.

संसारात त्यांस स्वास्थ्य लाभले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडीत असता गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वयाची अठ्ठाविशीही पुरी झाली नव्हती. पुढील जानेवारीत त्यांचे स्नेही राम गणेश गडकरी गेले, आणि ९ मे १९१९ रोजी टिळकही निवर्तले. अवघ्या एका वर्षात मराठी कवितेचे घर असे रिते झाले.

बडनेऱ्याहून मुंबईस जाताना भुसावळ मागे पडले, म्हणजे जळगावच्या अलीकडे भादली हे लहानसे स्टेशन लागते. पुष्कळ गाड्या तेथे थांबत नाहीत.