खादीचे व्रत : सार्वजनिक काका

खादी म्हटले की महात्मा गांधी आणि त्यांचा चरखा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु गांधीजी जेमतेम सव्वादोन वर्षांचे बालक होते, त्या वेळी पुण्यातील एका वकिलाने यापुढे आपल्या देशात तयार झालेलीच वस्त्रे व वस्तू वापरण्याची प्रतिज्ञा केली होती. तो दिवस होता १२ जानेवारी १८७२ आणि ते वकील होते गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना ‘सार्वजनिक काका’ या नावाने ओळखतो.

काकांचा जन्म १८२८ साली झाला. तरुणपणी ते पुण्यास आले. काही काळ सरकारी कचेरीत नोकरी केल्यावर कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वकिली सुरू केली. बुद्धी कुशाग्र, वाणी स्पष्ट आणि लोकांच्या अडचणीला धावून जाण्याचा स्वभाव, यांमुळे पुण्यात त्यांचा लौकिक वाढला. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्या मांडायच्या, तर लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, असा प्रश्न उपस्थित झाला. त्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. सुमारे सहा हजार लोकांनी आपल्या वतीने ९५ प्रतिनिधी निवडून दिले होते. या सभेसाठी काकांनी आपला वेळ, पैसा आणि शरीर झिजवले. सभेचे नाव त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले, ते यामुळेच. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही पुण्यात ‘स्त्रीविचारवती सभा’ स्थापन करून स्त्रियांना एकत्र आणले. लोककार्य हाच त्या घराचा संसार झाला होता.

तो काळ देशी कारागिरांच्या दृष्टीने फार कठीण होता. मँचेस्टरच्या गिरण्यांत तयार झालेले कापड आगगाडीने गावोगावच्या बाजारात येऊन पोहोचत होते. ते तलम होते, रंगीत होते आणि मुख्य म्हणजे स्वस्त होते. या स्पर्धेचा पहिला घाव बसला तो सूत कातणाऱ्यांवर. पूर्वी घरोघरी स्त्रिया चरख्यावर सूत कातीत आणि ते विणकऱ्याला विकीत. कित्येक निराधार विधवांचा तोच उदरनिर्वाह होता. यंत्रावरचे सूत येताच त्यांच्या हातातला घास गेला. कोष्टी आणि साळी हे यंत्राचे सूत विकत घेऊन काही काळ तग धरून राहिले. पण त्यांच्या मागावरील कापडालाही गिऱ्हाईक मिळेनासे झाले. काम सुटलेले विणकर शेतमजुरीकडे वळू लागले आणि आधीच गांजलेल्या शेतीवर आणखी भार पडला.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ साली पुण्यास बदलून आले. देशाच्या दारिद्र्याची कारणे ते व्याख्यानांतून उलगडून सांगू लागले. देशातील पैसा बाहेर जातो आणि देशातील हात रिकामे राहतात, हा विचार अनेकांना पटला. काकांनी तो आचरणात आणला. ते स्वतः सूत कातू लागले आणि त्या सुताची जाडीभरडी खादी अंगावर वागवू लागले. वकिलाचा मान त्याच्या पोशाखावरून ठरवणारा तो समाज होता. मलमलीचा अंगरखा आणि तलम धोतर ही प्रतिष्ठेची खूण मानली जाई. अशा मंडळींत काका खादी नेसून वावरत. न्यायालय असो, सभा असो वा कोणाघरचे कार्य असो, त्यांचा वेश बदलत नसे. ते जेथे जात, तेथे त्यांच्या वस्त्राकडे लोकांचे लक्ष जाई आणि बोलण्याचा ओघ आपोआप देशी कारागिरांकडे वळे.

केवळ स्वतः नेसून भागणार नाही, हे काकांना ठाऊक होते. वस्तू विकत घ्यावी असे एखाद्याला वाटले, तरी ती मिळणार कोठे? यासाठी त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ स्थापन केले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा नित्याच्या वस्तू येथेच तयार व्हाव्यात, म्हणून उत्पादकांना उत्तेजन दिले. पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत अशा ठिकाणी देशी वस्तूंची दुकाने निघाली. या व्यवहारात अनेकदा तोटा आला. काकांनी तो स्वतः सोसला. परदेशी माल स्वस्त आणि देशी माल महाग, ही अडचण केवळ उपदेशाने दूर होणारी नव्हती.

१८७७ सालच्या १ जानेवारीस व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने दिल्ली येथे मोठा दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणी ही हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे तेथे जाहीर व्हायचे होते. दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला होता आणि दिल्लीत हत्ती, तंबू व रोषणाई यांवर पैसा उधळला जात होता. राजेमहाराजे जरीची वस्त्रे आणि रत्नांचे अलंकार लेवून आले होते. त्या झगमगाटात पुणे सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका उपस्थित होते. त्यांच्या अंगावर स्वतः कातलेल्या सुताची पांढरीशुभ्र खादी होती. सभेने दिलेल्या मानपत्रात राणीचे अभिनंदन होते. त्याचबरोबर ब्रिटिश प्रजेला जे राजकीय व सामाजिक स्थान आहे, तेच हिंदी प्रजेलाही मिळावे, अशी मागणी होती. मागणी कागदावर लिहिलेली होती आणि ती करणाऱ्या देशाची स्थिती काकांच्या वेशावरून दिसत होती.

योगायोग असा, की त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटा यांची कापड गिरणी सुरू झाली आणि सम्राज्ञीच्या नावावरून तिला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव मिळाले. परदेशी कापडाला उत्तर देण्याचे दोन मार्ग एकाच दिवशी असे समोर आले. एक देशी भांडवलाच्या गिरणीचा, तर दुसरा हातसुताचा. काकांचा यंत्रांना विरोध नव्हता. आग्रा येथे गिरणी काढण्यासही त्यांनी उत्तेजन दिले होते. मात्र स्वतःच्या अंगावर त्यांनी हातसुताचेच वस्त्र धारण केले. देशी गिरणीने देशाचा पैसा देशात राहणार होता, हे खरे. पण चरख्यावर पोट भरणाऱ्या स्त्रीला त्या गिरणीनेही काम मिळणार नव्हते. हा पेच काकांच्या हयातीत सुटला नाही आणि पुढेही दीर्घकाळ देशापुढे राहिला.

दुष्काळात सार्वजनिक सभेने लोकांची दुःखे सरकारपुढे मांडली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. तरीही काका त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. त्यानंतर वर्षभरातच, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

काकांच्या मृत्यूच्या वेळी परदेशी कापडाची आयात थांबलेली नव्हती. उलट १८७९ साली सरकारने जाड्याभरड्या परदेशी सुती मालावरील जकात उठवली होती. हिशेबाच्या वहीत पाहिले, तर त्यांचा प्रयत्न फसला असेच म्हणावे लागेल. परंतु १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ देशभर पसरली, तेव्हा महाराष्ट्राला तो विचार नवा वाटला नाही. पुढे गांधीजींनी चरख्याला राष्ट्रीय जीवनात स्थान दिले आणि खेड्यातील कातणाऱ्या हातांना पुन्हा काम मिळू लागले. एखाद्या कारागिराची वस्तू आपण आवडीने वापरतो, चारचौघांत अभिमानाने मिरवतो आणि तिला योग्य मोल देतो, तेव्हा त्याच्या घरची चूल पेटते. ही साधी गोष्ट सार्वजनिक काकांनी दीडशे वर्षांपूर्वी आपल्या आचरणातून दाखवून दिली.