कंपनीवरचा कर खरा भरतो कोण? गोपाळ कृष्ण गोखले यांनी मांडलेला हिशेब

कंपन्यांवरचा कर वाढला की सामान्य माणसाला बरे वाटते. आपल्या खिशाला हात न लावता सरकारची तिजोरी भरली, असा समज होतो. पण कंपनीला स्वतःचे पोट नसते. तिने भरलेला प्रत्येक रुपया शेवटी तिघांपैकी कोणाच्या तरी वाट्याचा असतो. तो भागधारकाच्या नफ्यातून जातो, कामगाराच्या पगारातून जातो किंवा ग्राहकाकडून वाढीव किमतीत वसूल होतो. डोंबिवली एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारा माणूस तर अनेकदा या तिन्ही रांगांत उभा असतो. पगार कंपनीचा, खरेदी बाजारातली आणि दरमहा म्युच्युअल फंडाचा हप्ता.

कर भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, हा फरक एका मराठी माणसाने ब्रिटिश सरकारसमोर आकडेवारीसह मांडला होता. ते होते गोपाळ कृष्ण गोखले.

पंधरा रुपयांतले आठ रुपये

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. ते १३ वर्षांचे असताना वडील गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. पदवी गोपाळरावांना मिळाली, किंमत मात्र घरातल्या दुसऱ्याने मोजली.

१८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते पुण्यात शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. गणित त्यांच्या हातचे होते, अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सरकारी अहवाल आणि जमाखर्च वाचण्याची शिस्त त्यांना लागली. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल त्यांनी साक्ष दिली. महात्मा गांधी ज्यांना राजकीय गुरू मानत, ते गोखले आधी आकड्यांचे माणूस होते.

मिठाचा कर: पैसे व्यापाऱ्याचे, भार घराचा

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यासमोर, गोखले यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण झाले. सरकार शिल्लक दाखवून देशाची भरभराट होत असल्याचे सांगत होते. गोखल्यांनी तोच आकडा उलटा वाचला. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा तूट भरायला कर वाढवले गेले. आता रुपया १६ पेन्सवर स्थिर झाला, तरी कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची नव्हती, जादा वसुलीची होती.

त्या वेळी मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. हा मण सुमारे ३७ किलोचा. ठाणे जिल्ह्यात भाईंदरसारख्या ठिकाणी मिठागरे होती. मीठ आगरातून बाहेर पडण्याआधीच कर वसूल होई, म्हणजे कागदावर तो व्यापारी भरत असे. पण मिठाला पर्याय नाही. भाव वाढला म्हणून कोणी अळणी जेवत नाही. त्यामुळे तो कर जसाच्या तसा घराघरांत पोहोचे. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला २५ किलो मीठ लागते असे धरले, तर कर झाला साधारण १ रुपया ११ आणे. श्रीमंताला आणि मजुराला जवळपास सारखाच.

गोखले हा मुद्दा वर्षामागून वर्षे लावून धरत राहिले. १९०३ मध्ये कर २ रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपयावर.

कापडाचा कर: गिरणी, गिऱ्हाईक की कामगार?

कंपन्यांवरील कराशी जास्त जवळचे उदाहरण कापडाचे. १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क होते. लँकेशायरहून येणाऱ्या कापडावर तितकीच आयात जकात असल्याने देशी गिरण्यांना वरचढपणा मिळू नये, हा त्यामागचा हेतू. हा कर नफ्यावर नव्हता, उत्पादनावर होता. गिरणी तोट्यात असली तरी तो भरावाच लागे.

गोखल्यांचे म्हणणे असे, की हा कर उद्योगाची वाढ रोखतो आणि शेवटी जाडेभरडे कापड नेसणाऱ्या गरिबाकडूनच वसूल होतो. अर्थात गिरण्यांना सगळा कर किमतीत ढकलता येईलच असे नव्हते. हातमागाला हा कर नव्हता, त्यामुळे भिवंडीसारख्या गावांतल्या मागांचे कापड स्पर्धेत होतेच. जिथे गिऱ्हाइकाला पर्याय आहे, तिथे कराचा बोजा मागे वळतो.

तो कोणाकडे वळतो, हे पाहायला गोखले राहिले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९२५ मध्ये, मंदीत सापडलेल्या मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. त्यांत गोखल्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले पुष्कळ होते. अडीच महिन्यांनी सरकारने हे शुल्क स्थगित केले आणि मालकांनी कपात मागे घेतली. १९२६ मध्ये शुल्क रद्दच झाले. साडेतीन टक्क्यांचा कर आणि कामगाराचा पगार एकाच तराजूत आहेत, हे त्या वर्षी सर्वांना दिसले.

आजचा कंपनी कर वेगळा कसा?

आजचा कॉर्पोरेट कर नफ्यावर लागतो. नफा नसेल तर सहसा कर नाही, म्हणून तो लगेच किमतीत ढकलणे अवघड असते. सुरुवातीचा फटका भागधारकाला बसतो. पण काही वर्षांत भांडवल दुसरीकडे जाऊ शकते. नवी यंत्रे आली नाहीत तर कामगाराचे उत्पादन आणि पगार दोन्ही अडतात. कोणाच्या वाट्याला नेमके किती, यावर अर्थतज्ज्ञांत आजही एकमत नाही.

उलट बाजूही खरी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला. अशी कपात आपोआप पगारात किंवा स्वस्ताईत उतरत नाही. कामगाराला दुसरी नोकरी मिळण्याजोगी असेल आणि बाजारात स्पर्धा असेल, तरच तिचा वाटा खाली झिरपतो.

कर वाढो वा घटो, पावतीवरचे नाव पाहून भागत नाही. ज्याला दुसरीकडे जायला जागा नाही, भार त्याच्याकडे सरकतो. १९०२ मध्ये तो मीठ विकत घेणारा होता. पुढच्या अर्थसंकल्पात तो कोण असेल, हे प्रत्येक वेळी नव्याने मोजावे लागते.