लवजींचं जहाज आणि आमची होडी

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. हा लेख एका सुताराबद्दल आहे, आणि तो सुतार मला भेटला आमची होडी बुडाली म्हणून.

गेल्या सेमिस्टरला कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी आम्ही चौघींनी रिमोटवर चालणारी तीन फुटी होडी बनवली. प्लायच्या फासळ्या आणि त्यावर सागवानाच्या पातळ पट्ट्या. पट्ट्या नीट बसत नव्हत्या, मध्ये फटी राहत होत्या. मी म्हटलं, काळजी कशाला, इपॉक्सी आहे ना! सगळ्या फटी रेझिनने भरून टाकल्या. आदल्या रात्री ते वाळेना, म्हणून मी हार्डनर जास्त ओतला. घाटकोपरला फायबरची मखरं बनवणाऱ्या मुलांना असं करताना मी पाहिलं होतं.

सकाळी बघते तर सांध्यांत च्युइंगम! हॉस्टेलच्या टाकीत सोडल्यावर चार मिनिटांत होडी तळाला, आत मोटर आणि रिसीव्हर. त्या मोटरचे पैसे माझ्या रूममेटने घरी खोटं सांगून आणले होते. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

वर्कशॉपच्या सरांनी होडी हातात घेतली. गोंदाकडे बघितलंसुद्धा नाही. फटीत नख घालून पाहिलं आणि विचारलं की लवजी वाडिया माहीत आहेत का. मी म्हटलं, बॉम्बे डाइंगवाले? सर हसले. म्हणाले की त्यांचेच पूर्वज, पण ते कापडवाले नव्हते, सुतार होते.

मग मी लायब्ररी गाठली.

लवजी नसरवानजी वाडिया यांचा जन्म १७०२ सालचा, सुरतेकडचा. वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. तेव्हा सुरत हे मोठं बंदर होतं आणि तिथले पारशी सुतार नावाजलेले होते. लवजी तिथल्याच एका पारशी बिल्डरकडे फोरमन होते. १७३५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत एक जहाज बांधायला दिलं. त्यासाठी मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेत हा फोरमन भरला. १७३६ मध्ये मोजके सुतार बरोबर घेऊन लवजी मुंबईला आले. वय ३४. मुंबईत तेव्हा सुरतेसारखं काहीच नव्हतं. तिथून पुढे मरेपर्यंत, म्हणजे ३८ वर्षं, त्यांनी कंपनीच्या गोदीत काम केलं.

१७५० मध्ये लवजी आणि त्यांचे भाऊ सोराबजी यांनी मुंबईची ड्राय डॉक उभी केली. ही आशियातली पहिली समजली जाते. कल्पना साधी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पाणी बाहेर काढायचं. जहाज कोरड्यावर उभं राहतं आणि तळाचा प्रत्येक सांधा हाताने तपासता येतो. १७६२ आणि १७६५ मध्ये तिला आणखी दोन भाग जोडले गेले.

आता आमच्या कामाची गोष्ट. लवजी ज्या सुरतेत शिकले, तिथली सांध्याची पद्धत स्टॅव्होरिनस नावाच्या डच दर्यावर्दीने १७७० च्या दशकात पाहून लिहून ठेवली. फळ्या नुसत्या कडेला कड लावून ठेवत नसत. कडांना खाच पाडून एक फळी दुसरीत बसवत. बसवण्याआधी एका कडेला शेंदूर लावायचा, दुसरी फळी वर दाबायची आणि उचलायची. जिथे रंग लागला तिथे लाकूड उंच आहे, तेवढंच तासायचं. पुन्हा शेंदूर, पुन्हा दाबायचं. कड पूर्ण बसेपर्यंत हेच चालायचं. मग दोन्ही कडांना एक प्रकारचा डिंक चोळायचा, जो वर्षं जातील तसा लोखंडासारखा कडक होई. त्यावर कापसाचा पातळ थर द्यायचा आणि खुंट्या ठोकून फळ्या आवळायच्या. सांधा शोधूनही सापडायचा नाही.

वाचताना मी उडालेच. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये आपण मार्किंग ब्लू लावून जॉब घासतो, तेच हे! ते कशासाठी हे तेव्हा मला कळलंच नव्हतं. सांधा लाकडाच्या बसण्यावर टिकतो. रेझिन फक्त उरलेली केसाएवढी जागा भरतं.

आणि हार्डनर? फायबरवाले पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात हार्डनर टक्का-दोन टक्के, फक्त रिॲक्शन सुरू करून द्यायला. थोडा वाढवला तर लवकर सेट होतं. इपॉक्सीत तसं नाही. तिथे हार्डनर स्वतःच साखळीचा भाग होतो, म्हणून प्रमाण ठरलेलं. जास्त घातला तर उरलेल्याला जोडीदारच मिळत नाही आणि सगळं चिकट राहतं. सागवान तर तेलकट. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसावं लागतं, तेही मी केलं नव्हतं. म्हणजे चूक शंभर टक्के माझीच.

लवजींनी म्हातारपणी आपल्या दोन नातवांना, फ्रामजी आणि जमशेदजींना, गोदीत आणलं. साहेब म्हणून नाही, तर दरमहा १२ रुपयांवर साधे सुतार म्हणून. आजोबा मुख्य बिल्डर असताना! १७७४ मध्ये लवजी गेले तेव्हा मागे एक घर आणि थोडी रक्कम राहिली, इतक्या वर्षांच्या मानाने काहीच नाही. पण त्याच जमशेदजींनी पुढे ब्रिटिश नौदलासाठी जहाजं बांधली. त्यांचं १८१७ सालचं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. दोनशेहून जास्त वर्षं झाली. मुंबईच्या सुताराने बसवलेलं सागवान!

आम्ही होडी पुन्हा बांधली. शेंदूर नव्हता, म्हणून रूममेटने तिची लाल लिपस्टिक दिली (तेव्हा कळलं की राग गेला). लावा, दाबा, उचला, घासा. चौदा रात्री गेल्या. इपॉक्सी केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर मोजलं. फेस्टिव्हल केव्हाच संपला होता. रात्रभर टाकीत ठेवून सकाळी आत बोट फिरवलं, तर कोरडं ठणठणीत.

ती होडी वर्कशॉपच्या कपाटावर आहे. ज्युनिअर्सनो, हवी तर घेऊन जा. मोटर मात्र काढून घेतली आहे, ती रूममेटची.